उलट्या हाताचे वेढे

किडेमास्तरांनी ब्लेड खाली ठेवलं, भिंग डोळ्याला लावलं, काढलं, सदऱ्याच्या टोकाला पुसलं, परत लावलं. आणि मग भरल्या वर्गात, खिसा कापला गेल्यावर माणूस ओरडतो त्या आवाजात ओरडले, "हा किडा माझा नाही!"

आता किडा माझा नाही म्हणजे काय, किडे काय कुणी पाळतं का, असं तुम्ही विचाराल, म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो. नदीच्या तळाशी, दगडांच्या आडोशाला पाणकिड्यांची पिल्लं राहतात. पाय फुटलेले असतात, पंख फुटायचे असतात. मासे त्यांच्यावर तुटून पडतात. मग गळ टाकून मासे धरणारी हौशी मंडळी काय करतात, तर तसाच नकली किडा गळावर बांधतात. आधी शिशाच्या तारेचे वेढे, म्हणजे तो बुडावा. त्यावर सशाच्या कानाची लव, म्हणजे तो केसाळ दिसावा. आणि हे सगळं धरून ठेवायला केसासारखा बारीक दोरा. पुस्तकं वाचणारे त्याला निम्फ म्हणतात. मास्तर किडाच म्हणत. आणि त्या नदीवर किडा म्हटला की तो मास्तरांचाच, असं निदान मास्तरांचं ठाम मत होतं.

मत व्हायला कारणही होतं म्हणा. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात, गल्ल्यामागच्या भिंतीवर, काचेच्या पेटीत त्यांचा एक किडा लावलेला होता. पंचविसेक वर्षांपूर्वी एका सुताराने त्या किड्यावर नदीतला आजवरचा सगळ्यात मोठा मासा काढला होता, आणि तो विक्रम अजून कुणाच्या बापाला मोडता आला नव्हता. माशाच्या दातांनी किड्याची एका बाजूची लव पार उपटली गेली होती. आतला दोरा उघडा पडला होता, त्याचं एक टोक लोंबत होतं, पण बांधणी तसूभर हलली नव्हती. त्या पेटीखाली आज संध्याकाळी मास्तरांच्या नावाची पितळी पाटी बसायची होती. मास्तर महिनाभर दुसरं काही बोलत नव्हते. न्हाव्याने तर शेवटी सांगितलं होतं, "मास्तर, दाढी करताना तरी तोंड मिटा, कापेल."

तर अशा या शुभदिवशी, दुकानाच्या मागच्या खोलीत, नेहमीचा रविवारचा वर्ग चालला होता.

मास्तरांच्या वर्गाचे नियम दोनच. पहिला, डावखुऱ्यांना प्रवेश नाही. "उलट्या हाताचे उलटे वेढे. मला बघवत नाहीत," असं ते तोंडावर सांगत आणि आलेल्या माणसाला दारातून परत पाठवत. दुसरा नियम, शेवटी किडा कापायचा. "बाहेरून काय, कुणीही नटतं! किडा आतून बघावा," असं म्हणत मास्तर आत्ताच बांधलेल्या किड्याची पाठीवरची लव चिरत आणि दोरा सोडवून दाखवत. बोलणं तर अखंड चालू. लव पिंजताना बोलत, तार गुंडाळताना बोलत आणि शेवटची गाठ मारताना विशेष रंगात येत, कारण तेव्हा सगळ्यांच्या माना पुढे आलेल्या असत आणि असा श्रोता सोडवतो कुणाला!

त्या दिवशी वर्गात एक दातांची डॉक्टर होती. बाई मोठी तिखट. मास्तरांनी ब्लेड उचललं तशी म्हणाली, "मास्तर, आमच्यासमोर बांधलात तो चांगलाच असणार हो. पाहुणे येणार म्हटल्यावर घर सगळ्यांचंच आवरलेलं असतं. हा घ्या, काल इथूनच घेतलाय. हा कापा."

सगळे हसले. मास्तरही हसले. "अहो, कुठलाही कापा! झोपेत बांधलेला कापा!" म्हणाले आणि त्यांनी तो टेबलाच्या कडेच्या शिकंज्यात धरला, लव बाजूला केली, दोऱ्याचं टोक चिमट्यात घेतलं आणि सोडवायला लागले.

गळाला सुईसारखं नेढं असतं. ते आपल्याकडे धरलं की मास्तरांचे वेढे घड्याळाच्या काट्यासारखे जातात. जन्मात कधी दुसरीकडे गेले नाहीत. हे वेढे उलटे जात होते.

"हा किडा माझा नाही!" ते त्यानंतरचं.

चहाचा कप घेऊन दुकानदार धावत आत आला. मास्तरांनी त्याला तिथेच धरला. "माझ्या नावावर नकली माल विकतोस? अरे, किडाच मुळात नकली, त्याचाही नकली काढलास? लाज कशी वाटत नाही तुला!"

"मास्तर, शपथ घेऊन सांगतो," दुकानदार कप टेबलावर ठेवत म्हणाला. "पाकिटं तुमच्याच घरून येतात. वहिनी स्वतः पिशवीतून आणून देतात. पिनासुद्धा त्यांनीच मारलेल्या असतात. मी फक्त खिळ्याला अडकवतो."

"आण सगळी पाकिटं!"

पाकिटं आली. मास्तरांनी कापायला सुरुवात केली. एक कापला, उलटा. दुसरा कापला, उलटा. पाच-सहा झाल्यावर दुकानदार कळवळून "मास्तर, विकायचे आहेत हो ते," म्हणाला, पण ऐकतंय कोण. टेबलावर लवेचा पुंजका साठला. खोलीत कुणी हसेना. गंमत म्हणजे मास्तर बोलत नव्हते.

दातांच्या डॉक्टरने त्यातला एक उचलून उजेडात धरला. "हे डावखुऱ्या माणसाचं काम आहे," ती म्हणाली. "टाक्यांवरून आम्हाला कळतं. पण काय हात आहे हो! केवढा घट्ट, केवढा एकसारखा!"

चाकू डाव्या हातात धरणारं, सुई डाव्या हातात धरणारं, कुलपाची किल्ली डाव्या हाताने फिरवणारं माणूस मास्तरांच्या घरात एकच होतं. मास्तर किडे बांधून ट्रेमध्ये ठेवत आणि नदीवर फिरायला नाहीतर दुकानात गप्पा मारायला जात. किड्यांच्या डोक्यांवर, शेवटच्या गाठीवर, बिनरंगी नेलपॉलिशचा थेंब लावून, वाळवून, पाकिटं भरायचं काम बायकोचं. थेंब लावायला एवढा वेळ कसा लागतो, हे मास्तरांनी कधी विचारलं नव्हतं. बायकांची कामं चेंगट असतात, असं त्यांचं त्यावरही एक मत होतं.

अलीकडचंच असेल, त्यांनी मनाची समजूत घातली. मागे डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा एखादा सैल राहिला असेल, तिने सावरला असेल. तेवढंच. त्यात काय!

आणि मग त्यांना ती पेटी आठवली.

ते उठले, बाहेर दुकानात आले, गल्ल्याच्या मागे गेले. नेढं पुढे करून तो किडा काचेत बसला होता, तसाच, अर्धा ओरबाडलेला. लोंबणारं ते टोक मास्तरांनी रोज बघितलं होतं. काचेवर बोट ठेवून हजारदा दाखवलं होतं, "बघा, मासा दमला, माझा दोरा नाही दमला!" पण ते टोक कुठल्या बाजूने वळून खाली येतं, हे त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं. आपलं काम आपण कशाला तपासायचं?

ते उलटं येत होतं.

मास्तर स्टुलावर बसले. दुकानदार पाणी घेऊन आला, ते त्यांनी हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. शेजारीच कागदात गुंडाळलेली पितळी पाटी पडली होती. कागद एका कोपऱ्यात फाटून त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर बाहेर डोकावत होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसाला वाटतं म्हणतात ना, ते मास्तरांना त्या स्टुलावर वाटलं. हात म्हणजेच मास्तर होते. हातच आपले नव्हते म्हटल्यावर उरलं काय? नुसती बडबड.

घरी बायको खिडकीपाशी सदऱ्याला बटण लावत बसली होती. डाव्या हाताने. मास्तर दारातच उभे राहिले आणि लग्नानंतर जणू पहिल्यांदाच त्या हाताकडे बघत राहिले.

"आज लवकर कसे?" तिने विचारलं, मग वर बघितलं आणि सुई थांबली. "काय झालं? चेहरा का असा झालाय? पडलात का कुठे?"

मास्तरांनी खिशातून सोडवलेला किडा काढून तिच्यापुढे टेबलावर ठेवला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. बटणाचा दोरा दातांनी तोडला. सदऱ्याची घडी केली. मग शांतपणे म्हणाली, "कळलं का शेवटी."

"कधीपासून?"

"बसा आधी."

"कधीपासून, ते सांग!"

"ओरडू नका. सुतारदादांचा मासा सापडला ना, त्याच्या आदल्या आठवड्यापासून." तिने हात मांडीवर ठेवले. "तुम्ही घरात नव्हता. सुतारदादा दारात आले. तुमचे तीन किडे माझ्या हातावर ठेवले. एकाची लव सुटलेली, एकाचं शिसं ओघळलेलं, आणि तिसरा म्हणजे नुसता गळ. म्हणाले, वहिनी, मास्तरांना सांगू नका, माणूस भला आहे, पण दुसऱ्या माशाला सुटतात हो. आता आम्ही बाहेरून मागवायचं म्हणतोय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ट्रेमध्ये तुम्ही बांधलेले पडले होते. एक ओढून बघितला, आला हातात. दुसरा ओढला, तोही आला. मग बसले आणि सगळे सोडवून परत बांधले. म्हटलं, एवढी एक खेप निभावून नेऊ. त्यातलाच एक सुतारदादांनी नेला."

मास्तरांनी विचारलं, "आणि मग?"

"मग काय! तुम्ही नाचत घरी आलात. मला उचलून गोल फिरवलंत, आठवतंय? कपाट लागलं माझ्या पायाला. तेव्हाच सांगणार होते. पण तुम्ही इतके हसत होतात."

तिने सुई रिळात खोचली.

"म्हणजे तेव्हापासून सगळे?" मास्तरांनी विचारलं. "एकूण एक?"

"सगळे नाही. एका हिवाळ्यात तुमचा आवाज बसला होता बघा, महिनाभर. तेव्हाचे चांगले होते. त्यांना मी हात नाही लावला."

"आवाजाचा काय संबंध?"

"अहो, शेवटची गाठ मारताना तुम्ही बोलता!" एवढ्या वर्षांचं साठलेलं तिच्या तोंडून भसकन बाहेर पडलं. "बोलायला लागलात की मान वर होते, मान वर झाली की हात ढिला पडतो आणि दोऱ्याचा ताण जातो. बाकी सगळं छान. तार छान, लव छान. गाठ तेवढी सैल! ती ओढून धरायची आणि तोंड मिटायचं, एवढंच आहे ते. मला काय हौस होती का? त्या नेलपॉलिशच्या वासाने डोकं धरतं माझं, कपाळ ठणकतं, दिवस दिवस ठणकतं!"

मास्तरांनी खुर्ची ओढली आणि ते नेहमीच्या जागी, टेबलाच्या पलीकडे बसले. मग त्यांनी विचारलं, "तुला शिकवलं कुणी?"

"तुम्हीच."

"मी? मी तुला कधी शिकवलं?"

"तुम्ही तिकडे, मी इकडे. मी शिवण घेऊन बसायची, तुम्ही किडे बांधत. समोरून बघितलं की तुमचा उजवा तो माझा डावा. आरशात बघून केस विंचरतो ना, तसं. त्यात शिकायचं काय होतं? आणि सांगत तर तुम्ही होतातच, दिवसभर."

मास्तरांनी डोकं दोन्ही हातांत धरलं. राग यायला हवा होता, पण तो कुठून आणावा हेच त्यांना कळेना. शेवटी जे सगळे नवरे म्हणतात तेच ते म्हणाले. "मला सांगायचंस ना तेव्हाच! मी काय तुला खाल्लं असतं?"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"सुतारदादा यायच्याही आधी. तुमचे मित्र आले होते, तुम्ही त्यांना बांधून दाखवत होता. मी हळूच म्हटलं, अहो, गाठ जरा ओढून धरा ना. तुम्ही म्हणालात, तू उलट्या हाताने मला शिकवू नकोस. सगळे हसले." ती खिडकीकडे बघत म्हणाली, "मीही हसले."

मास्तरांना हे आठवत नव्हतं. त्यांनी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं, मित्रांचे चेहरे डोळ्यांपुढे आणले, ही खोली आणली, तरी काही आठवेना. पाकिटांतल्या किड्यांचा धक्का बसला होता, पेटीतल्या किड्याचा बसला होता, पण हा त्या दोन्हींच्या वरचा होता. हिने ते वाक्य एवढी वर्षं जपून ठेवलं होतं आणि आपण ते पान थुंकावं तसं थुंकून मोकळे झालो होतो.

"संध्याकाळी मी जात नाही," ते म्हणाले.

"जाणार नाही म्हणजे? माणसं जमणार, सुतारदादा येणार." ती उठली. "लागू दे पाटी. एवढी वर्षं झाकलं, ते आज चव्हाट्यावर मांडायला मी काही वेडी नाही. तुम्हाला हसलेलं मला चालणार नाही. कपडे बदला. मी येते, मागे उभी राहते."

ती साडी बदलायला आत गेली. मास्तरांनी टेबलाच्या कडेचा शिकंजा सोडवला आणि कोटाच्या खिशात घातला. दुसऱ्या खिशात गळ, दोरा, तार, लव. मग थोडं थांबून त्यांनी नेलपॉलिशची बाटलीही उचलली.

दुकान माणसांनी गच्च भरलं होतं. सुतार आला होता, आता पार वाकलेला, काठी घेऊन. दातांची डॉक्टर दाराशी उभी होती. दुकानदार हातात पाटी आणि स्क्रू घेऊन तयार. "मास्तर, दोन शब्द बोला," तो म्हणाला आणि लोक आधीच हसायला लागले, कारण मास्तरांचे दोन शब्द म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"हा किडा मी बांधलेला नाही," मास्तर म्हणाले.

मग कुणीतरी टाळी वाजवली. "वा, मास्तर! याला म्हणतात मोठेपणा!" दुसरा म्हणाला, "नदीने बांधला, असंच ना?" आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट.

"अहो, खरं सांगतोय मी! माझे किडे सुटतात! हा माझ्या बायकोने बांधलाय!"

"संसार दोघांचाच असतो, मास्तर!" आणखी टाळ्या. मास्तर हतबुद्ध झाले. आयुष्यभर जे सांगितलं ते लोकांनी डोळे मिटून खरं मानलं होतं, आणि आज पहिल्यांदा खरं सांगावं तर एक माणूस विश्वास ठेवायला तयार नाही! टाळ्या वाजवत नव्हते ते दोघंच, दातांची डॉक्टर आणि सुतार. सुतार खाली मान घालून काठीची मूठ चोळत होता.

मग मास्तरांनी बोलणं सोडून दिलं. खिशातून शिकंजा काढून गल्ल्याच्या कडेला बसवला. त्यात गळ धरला, नेढं स्टुलावर बसणाऱ्याच्या डावीकडे करून. जन्मभर ते नेढं उजवीकडे करून गळ लावत आले होते. आज पहिल्यांदाच उलटा लावला. स्टूल पुढे ओढलं आणि मागे, कोपऱ्यात उभ्या असलेल्या बायकोकडे बघितलं.

"ये."

"अहो, काय चालवलंय हे," ती कुजबुजली. "घरी चला. सगळे बघतायत."

"बघू देत. बस."

तिने सुताराकडे बघितलं. सुताराने हळूच मान हलवली. ती पुढे आली, पदर सावरला, स्टुलावर बसली आणि डाव्या हातात दोरा घेतला.

टाळ्या थांबल्या. मास्तर तिच्या समोर, गल्ल्याच्या पलीकडे उभे होते. तार बसली, लव बसली, तिचा हात न चुकता फिरत होता. मास्तरांना ते हात ओळखू यायला लागले. त्यांचेच होते ते. आरशातले, फक्त न बोलणारे.

शेवटची गाठ आली. सगळ्यांच्या माना पुढे झाल्या आणि जुनी खोड, मास्तरांचं तोंड उघडलं, "हं, आता इथे बघा, इथे खरी—"

बायकोने नुसतं वर बघितलं.

मास्तरांनी तोंड मिटलं. हातसुद्धा ठेवला तोंडावर. तिने दोरा ताणून धरला, गाठ ओढली, आणखी ओढली, आणि दोरा कापला. सुतार काठी टेकत पुढे आला, त्याने दोन बोटांच्या चिमटीत लव धरली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून खेचली. किडा हलला नाही. "हाच," सुतार म्हणाला. "हाच तो हात."

दुकानदाराने पाटीवरच्या नावाकडे पाहिलं, मग स्क्रूंकडे पाहिलं आणि ते सगळं गुपचूप गल्ल्यात टाकलं.

"आता बोला," बायको म्हणाली. "काय म्हणत होता?"

मास्तरांनी खिशातून नेलपॉलिशची बाटली काढली आणि झाकण उघडलं. वास तिच्याकडे जाऊ नये म्हणून शिकंजा आपल्या बाजूला वळवला आणि तिच्या किड्याच्या डोक्यावर एक थेंब लावला.